संघकम्म आणि संसद : निर्वाचित सभागृहाची आवश्यकता आजही आहे काय?

निर्वाचित संसदेची देशाला आता खरोखर गरज उरली आहे काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित वर्गात उघडपणे विचारला जातो. विचारणारे सर्वच लोक हुकूमशाहीचे चाहते नसतात. सभागृहातील गदारोळ, पक्षांतरे, निवडणुकांवरील अफाट खर्च आणि दिवसेंदिवस तहकूब होणारे कामकाज पाहून ते उबगलेले असतात. कोणी म्हणतात, राज्यकारभार तज्ज्ञांच्या हाती द्यावा. कोणी म्हणतात, एक कर्तबगार नेता पुरेसा आहे. आणि नव्या यंत्रयुगाचे अभिमानी म्हणतात की, प्रत्येकाच्या हाती दूरध्वनी असताना प्रतिनिधी हवेतच कशाला. प्रत्येक प्रश्नावर जनतेचा कौल थेट घेता येईल.

बौद्ध अभ्यासकाला या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही. त्याची दोन कारणे आहेत. सामुदायिक निर्णयाची नियमबद्ध पद्धती ज्या प्राचीन वाङ्मयात तपशिलाने जतन झाली, त्यात पालि विनयपिटकाचे स्थान अग्रगण्य आहे. आणि भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात नेमक्या याच वारशाकडे देशाचे लक्ष वेधले होते. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम त्या वारशाचे स्वरूप व मर्यादा पाहू आणि त्या आधारे वरील प्रश्नाचे उत्तर शोधू.

गणसंघांचा दाखला आणि त्याची मर्यादा

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ एका राजकीय प्रसंगाने होतो. मगधराज अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकावयाचे आहे. त्याचा महामात्य वस्सकार ब्राह्मण राजगृहाच्या गिज्झकूट पर्वतावर भगवान बुद्धांकडे येतो. भगवंत त्याला थेट उत्तर न देता आनंदाला सात प्रश्न विचारतात. त्यांतील पहिले दोन आपल्या विषयाशी निगडित आहेत. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? ते एकत्र जमून, एकत्र उठून, एकदिलाने आपली कामे करतात काय? ही सात लक्षणे जोवर आहेत तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असा अभिप्राय भगवंत देतात. यांनाच सात अपरिहानिय धम्म म्हणतात.

वस्सकार त्यातून आपला निष्कर्ष काढतो. युद्धाने वज्जी जिंकले जाणार नाहीत. प्रलोभन आणि परस्परभेद हेच दोन मार्ग आहेत. अट्ठकथेत पुढील वृत्तांत येतो. राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून वस्सकार वैशालीत आश्रय घेतो, लिच्छवींचा विश्वास संपादन करतो आणि मग एकेकाला बाजूला घेऊन अगदी क्षुल्लक प्रश्न विचारू लागतो. लोक शेत नांगरतात ना? दोन बैल जुंपून नांगरतात ना? इतकेच. इतर लिच्छवी त्याला विचारतात, "आचार्य काय म्हणाले?" तो खरे तेच सांगतो, पण कोणी विश्वास ठेवीत नाही. तीन वर्षांत अशी स्थिती येते की सभेचा नगारा वाजला तरी कोणी जमत नाही. श्रीमंतांनी जमावे, शूरांनी जमावे, आमचे तेथे काय काम, असे लोक म्हणतात. अजातशत्रूला नगर घेण्यास लढावे लागत नाही.

वैशालीचे सभागृह कोणी जाळले नव्हते. ते उभेच होते. त्यात लोक जमेनासे झाले होते. संस्था बाहेरून पाडाव्या लागत नाहीत, त्यांच्यावरील विश्वास आतून संपविला की पुरते. "तेथे आमचे काय काम" हे वाक्य आज संसदेविषयी उच्चारले जाते तेव्हा वस्सकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे.

तथापि गणसंघांचा गौरव करताना इतिहासाशी प्रतारणा करता कामा नये. वज्जी, मल्ल, शाक्य यांची संथागारे ही प्रामुख्याने क्षत्रिय कुलांची सभागृहे होती. दास, कम्मकर आणि स्त्रिया यांना तेथे आसन नव्हते. काशीप्रसाद जयस्वाल यांच्या १९२४ च्या प्रसिद्ध ग्रंथापासून या गणराज्यांना आधुनिक लोकशाहीचा साज चढविण्याची जी प्रवृत्ती वाढली, तिला ही मर्यादा घालणे आवश्यक आहे. सभा होती, चर्चा होती. सर्वांचा प्रवेश मात्र नव्हता.

तो प्रवेश भिक्खुसंघाने दिला. गणराज्यांच्या सभेची रीत संघाने घेतली, पण तिच्या दारावरील कुळाची अट काढून टाकली. शाक्य कुमारांबरोबर प्रव्रज्येसाठी आलेला उपालि हा जन्माने नापित. त्याला प्रथम प्रव्रज्या देण्यात आली, जेणेकरून कुमारांनी त्याला वंदन करावे व त्यांचा कुलाभिमान गळावा. हाच उपालि पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचा अधिकारी आचार्य ठरला. भिक्खुणी संघाच्या दर्जाचा प्रश्न वेगळा व विवाद्य आहे. परंतु जातीच्या बाबतीत संघाची सभा गणाच्या सभेच्या पुढे गेली, हे निःसंशय.

संघकम्माची रीत

संघाने विधिपूर्वक केलेल्या कोणत्याही कार्याला संघकम्म म्हणतात. त्याची रीत विनयपिटकाच्या महावग्ग व चुल्लवग्गात सविस्तर आली आहे. तिची मुख्य अंगे अशी.

पहिले अंग गणपूर्तीचे. कोणत्या कार्यास किमान किती भिक्खू हवेत हे ठरलेले आहे : चार, पाच, दहा, वीस. मध्यदेशात उपसंपदेला दहा, प्रत्यंत प्रदेशात पाच, अब्भानाला वीस. संख्या भरली नाही तर कार्य झाले असे मानले जात नाही.

दुसरे अंग प्रस्तावाचे. समर्थ भिक्खू संघापुढे विषय मांडतो, त्यास ञत्ति म्हणतात. त्यानंतर प्रस्तावाची घोषणा होते, ती अनुस्सावना. साध्या कार्यात ती एकदा होते; गंभीर कार्यात तीन वेळा होते, म्हणून त्यास ञत्तिचतुत्थ कम्म म्हणतात. प्रत्येक वेळी सांगितले जाते की, ज्याला हे मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारण्याचा हेतू स्पष्ट आहे. असहमत माणसाला धीर एकवटण्यास वेळ मिळावा.

तिसरे अंग मतगणनेचे. वाद शमत नसेल तर बहुमताने निर्णय होतो, त्यास येभुय्यसिका म्हणतात. त्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या सलाका, म्हणजे मतशलाका, वाटल्या जातात. त्या वाटणारा सलाकागाहापक संघाने निवडावयाचा असतो. छंद, द्वेष, भय आणि मोह या चारींच्या आहारी न जाणारा आणि कोणी सलाका घेतली व कोणी नाही हे जाणणारा, अशी त्याची पाच लक्षणे आहेत. मतदानाचे तीन प्रकार आहेत : गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून, आणि विवटक म्हणजे उघड.

चौथे अंग समितीचे. चर्चेत निरर्थक बोलणे वाढून निर्णय होईना, तर काही योग्य भिक्खू निवडून त्यांच्याकडे प्रश्न सोपविता येतो, ही उब्बाहिका. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दहा वादग्रस्त मुद्द्यांचा निर्णय याच मार्गाने झाला. पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार असे आठ भिक्खू निवडले गेले, आणि आसनव्यवस्थेसाठी अजित नामक भिक्खूची नेमणूक झाली. दोन्ही पक्षांना समान स्थान होते.

पाचवे अंग आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. संघकम्म दोन कसोट्यांवर तपासले जाते. ते धम्माने झाले की अधम्माने? ते समग्ग होते की वग्ग, म्हणजे संपूर्ण संघाचे की एका तुकड्याचे? वग्ग कम्माची तीन कारणे विनयात दिली आहेत. ज्यांना भाग घेण्याचा अधिकार आहे ते आलेच नसतील. जे अनुपस्थित आहेत त्यांचा छन्द, म्हणजे संमती, आणलेली नसेल. किंवा उपस्थितांपैकी कोणी विरोध करीत असतील. आजारी भिक्खूचीही संमती आणावीच लागते. चार प्रकारच्या कम्मांपैकी धम्माने झालेले आणि समग्ग असलेले एवढे एकच ग्राह्य आहे. केवळ नियमानुसार झाले पण तुकड्याने केले, तर ते चालत नाही.

एक अडचण

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. गुप्त व कानात सांगून होणाऱ्या मतदानाविषयी विनयात असा नियम आहे की, अधम्मवादींची संख्या अधिक आढळली तर सलाकागाहापकाने मतदान सदोष ठरवून मागे घ्यावे; धम्मवादी अधिक असतील तरच निकाल घोषित करावा. आधुनिक निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर आपण त्याला तुरुंगात धाडू. मग विनयाची पद्धती लोकशाहीची म्हणावी काय?

उत्तर असे की, संघासाठी धम्म हा बहुमताने ठरविण्याचा विषय नव्हता. संघ धम्माच्या आत राहून निर्णय करीत असे. बहुमतालाही काही मर्यादा असते, हे तत्त्व त्यातून निघते. भारतीय संविधानाने हे तत्त्व स्वीकारले, पण साधन बदलले. संसदेचे बहुमत मूलभूत हक्कांच्या आत राहते. ती मर्यादा ओलांडली गेली काय याचा निर्णय मतमोजणी करणारा करीत नाही, न्यायालय उघड सुनावणी घेऊन आणि कारणे देऊन करते. संघात सर्वांनी स्वेच्छेने एक धम्म पत्करलेला असतो. राष्ट्रात नाना मतांची माणसे जन्माने एकत्र आलेली असतात. म्हणून राष्ट्रात हा अधिकार एका व्यक्तीच्या सद्‌गुणांवर सोडता येत नाही. संघाची रीत जशीच्या तशी उचलण्याची नाही. तिच्यामागील विवेक घ्यावयाचा आहे.

बाबासाहेबांचा निर्णय

बाबासाहेब संसदीय लोकशाहीचे आंधळे भक्त नव्हते. १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांपुढे बोलताना त्यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली होती : ती स्वातंत्र्याच्या मोहात समतेला विसरली आणि आर्थिक विषमतेकडे तिने पाठ फिरविली. असे असूनही संविधानाचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, त्यांनी संसदीय पद्धतीचाच पुरस्कार केला. त्यांची मीमांसा आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. कार्यकारी सत्तेत दोन गुण हवेत, स्थैर्य आणि उत्तरदायित्व. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था सापडलेली नाही. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. मतदार सरकारचा हिशेब ठराविक मुदतीने घेतो. संसद तो दररोज घेते. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, स्थगन प्रस्ताव आणि चर्चा ही त्या दैनंदिन हिशेबाची साधने. भारतासारख्या देशात हा दररोजचा हिशेब अधिक आवश्यक आहे, असे मसुदा समितीला वाटले.

संसदेची गरज आहे काय या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कायदे लिहिण्याचे काम तज्ज्ञही करू शकतील. परंतु सत्तेला उभे करून दररोज जाब विचारणे हे तज्ज्ञाचे काम नाही; कारण तज्ज्ञाला नेमणारी सत्ताच असते.

त्यांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे दिलेल्या व्याख्यानात लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगितल्या : समाजात ठसठशीत विषमता नसणे, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायदा व प्रशासनात समता, संवैधानिक नीती, बहुमताकडून अल्पमताची गळचेपी न होणे, नैतिक अधिष्ठान आणि सार्वजनिक सदसद्विवेक. त्याच वर्षी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, उत्तर मुंबई मतदारसंघात त्यांचा पराभव झाला होता. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते पराभूत झाले. हिंदू संहिता विधेयकाची हेळसांड झाली म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. सभागृहाने आणि मतदारांनी निराश केलेला हा महापुरुष राज्यसभेत बसून अखेरपर्यंत संसदेचे काम करीत राहिला. आणि ज्या विधेयकासाठी त्यांनी पद सोडले, त्यातील महत्त्वाचे भाग १९५५ व १९५६ मध्ये स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने याच संसदेला संमत करावे लागले.

पर्यायांची तपासणी

आता सुचविल्या जाणाऱ्या पर्यायांकडे वळू. कर्तबगार एकाधिकाराचा पर्याय आपण अंशतः अनुभवला आहे. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात संसद होती. पण विरोधी नेते तुरुंगात होते आणि लोकसभेची मुदत वाढविण्यात आली होती. विनयाच्या भाषेत ते वग्ग कम्म होते. त्याचे परिमार्जन कोणा सद्‌गुणी राजाने केले नाही. १९७७ च्या निवडणुकीने आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केले.

बौद्ध देशांचे दोन दाखले परस्परविरुद्ध दिशांनी बोलके आहेत. भूतानमध्ये राजा लोकप्रिय होता आणि प्रजा निवडणुकीची मागणी करीत नव्हती. तरीही राजानेच सत्ता सोडण्याचा मार्ग आखला. २००८ मध्ये राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली व संविधान लागू झाले. चांगला राजा मिळणे हा योगायोग आहे आणि राष्ट्र योगायोगावर उभे करता येत नाही, हे तेथील राजाला उमगले होते. म्यानमारमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात निवडून आलेली संसद १ फेब्रुवारी २०२१ रोजी भरावयाची होती. त्याच पहाटे लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतरचा रक्तपात सर्वश्रुत आहे. संसद अनावश्यक असती तर ती भरण्याच्या दिवशीच ती थांबविण्याची निकड लष्कराला भासली नसती.

थेट कौलाचा पर्याय वरकरणी अधिक लोकशाहीवादी भासतो. परंतु त्यात ञत्ति आहे, अनुस्सावना नाही. सलाका आहे, सभा नाही. प्रश्न कोणी व कोणत्या शब्दांत विचारावा हे विचारणाराच ठरवितो; उत्तर देणाऱ्याला दुरुस्ती सुचविता येत नाही. शिवाय बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जमातीचे बहुमत यांत जो भेद केला, तो येथे निर्णायक आहे. राजकीय बहुमत चर्चेने घडते व बदलते. जमातीचे बहुमत जन्माने ठरते आणि बदलत नाही. जातिग्रस्त समाजात प्रत्येक प्रश्नावर थेट कौल घेतला तर अल्पसंख्य कायमचे पराभूत राहतील. सभागृहात अल्पमताला निदान उभे राहून बोलता येते, दुरुस्ती मांडता येते, आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदविता येते.

संसदेमुळे आपणास काय मिळाले, हेही पाहू. अनुच्छेद ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींच्या यादीत भर घालण्याचा वा वगळण्याचा अधिकार संसदेच्या कायद्याला आहे. १९५० च्या आदेशाने ही मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या त्या यादीसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले; पण अखेर ते घडले संसदेच्या कायद्यानेच. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संसदेने केला. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याची धार बोथट झाली, तेव्हा देशभर आंदोलन उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून ती धार परत आणली. रस्त्यावरील आवाजाला कायद्यात रूपांतरित करणारे निर्वाचित सभागृह नसते तर तो आवाज कोठे पोहोचला असता?

सभागृहाची दुखणी

एवढे म्हटल्यावर विद्यमान सभागृहाची दुखणी झाकून ठेवणे उचित नाही. पहिल्या लोकसभेच्या, १९५२ ते १९५७ या काळात ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या, २०१९ ते २०२४ या काळात २७४. "वारंवार सभा भरवितात काय" या पहिल्याच प्रश्नाला हे उत्तर आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. म्हणजे उब्बाहिका क्षीण झाली. सतराव्या लोकसभेने आपल्या संपूर्ण मुदतीत उपाध्यक्ष निवडला नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधी सदस्यांनी मतविभागणी मागितली. गदारोळात ती विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्दही झाले. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात फौजदारी न्यायाचे तीन मूलभूत कायदे संमत झाले.

संघातही उक्खेपनीय कम्म, म्हणजे निलंबन, होते. मात्र त्यापूर्वी आरोप सांगावा लागे, आठवण द्यावी लागे, संबंधित भिक्खूच्या समोरच कार्य करावे लागे. ज्यांना दूर सारले त्यांच्या अनुपस्थितीत घाईने केलेले कार्य नियमांच्या चौकटीत बसले तरी ते समग्ग होत नाही. हा दोष एका पक्षाचा नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एका पक्षाच्या राजवटीत झाला आणि सर्वांनी उपभोगला. पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच जाते, त्यामुळे सदस्याच्या हातातील सलाका त्याची राहिली नाही. ८४ अनुसूचित जाती व ४७ अनुसूचित जमाती यांच्या राखीव जागांवरून निवडून आलेले प्रतिनिधीही आपल्या समाजाच्या प्रश्नावर पक्षादेशाबाहेर जाऊ शकत नाहीत, ही यातील सर्वांत कटू बाब होय.

निष्कर्ष

ही दुखणी संसद नको म्हणण्याची कारणे आहेत काय? आमच्या मते ती नेमकी उलट बाजूची साक्ष देतात. आजाराचे वर्णन आपण ज्या मापाने करतो ते माप सभागृहाच्या निरोगी अवस्थेचेच आहे. बैठका कमी झाल्या ही तक्रार असेल तर उपाय अधिक बैठका हा आहे. सभा बंद करणे हा नव्हे. बैठकांचे किमान दिवस कायद्याने ठरविणे, महत्त्वाची विधेयके समितीकडे पाठविणे बंधनकारक करणे, एका सदस्याने मागितली तरी मतविभागणी घेणे, आणि पक्षादेशाची सक्ती अविश्वास व अर्थसंकल्पीय प्रस्तावांपुरती ठेवणे, या चार सुधारणांचा आग्रह बौद्ध समाजाने सर्वच पक्षांकडे धरावा.

१९५१-५२ मध्ये सुमारे १७ कोटी मतदार होते, २०२४ मध्ये सुमारे ९७ कोटी. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या चावडीत बसण्यास जागा नव्हती, अशी कोट्यवधी माणसे त्यांत आहेत. ज्यांच्याजवळ पैसा, जात वा शस्त्र आहे त्यांना संसदेवाचूनही सत्तेच्या दारी जाता येते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी मत आणि ते मत जेथे पोहोचते ते सभागृह एवढीच वाट आहे. म्हणून सभेचा नगारा वाजतो तेव्हा जमण्याची सर्वांत अधिक निकड त्यांना आहे, आणि तो वाजत राहील हे पाहण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. विहारांतील अभ्यासवर्गांत संविधानाबरोबर विनयातील कम्मक्खंधही वाचला जावा, आपल्या संस्थांच्या सभा त्या रीतीने चालाव्यात, मौन बाळगणाऱ्याला तीनदा विचारले जावे. जो समाज आपल्या विहाराची सभा समग्ग ठेवू शकतो, त्यालाच संसदेकडे समग्ग होण्याची मागणी अधिकाराने करता येईल.